खेतवाडीचे विडीवाले महाराज

राइट टाउनमधील साधकांना विडीचा धंदा नवा नाही. जबलपूरचा तो जुनाच व्यवसाय. निसर्गदत्त महाराजही मुंबईत विड्याच विकत.

मूळ नाव मारुती शिवरामपंत कांबळी. जन्म १८९७ चा, हनुमान जयंतीचा. बालपण कोकणात कांदळगावी शेतीत गेले. वडील वारल्यावर ते मुंबईला आले, कारकुनी केली, मग दुकान टाकले. एकाची अनेक दुकाने झाली. पत्नी, मुले, रोजची उलाढाल, चारचौघांसारखा संसार.

१९३३ मध्ये यशवंतराव बागकर या मित्राने त्यांना इंचगिरी परंपरेतील सिद्धरामेश्वर महाराजांकडे नेले. गुरूंनी दिलेले साधन साधेच होते: मी आहे, या जाणिवेवर लक्ष ठेवायचे. मारुतीरावांनी गुरुवचनावर विश्वास ठेवला आणि दुकानातून फावला तेवढा वेळ त्यातच घालवला. सुमारे तीन वर्षांत त्यांना स्वरूपबोध झाला.

१९३६ मध्ये गुरूंनी देह ठेवला. पुढच्या वर्षी महाराज घरदार सोडून हिमालयाच्या वाटेला लागले. वाटेत गुरुबंधूने समजावले आणि १९३८ मध्ये ते परतले, तेव्हा दुकान एकच उरले होते. खरी कसोटी इथेच होती, असे वाटते. गेलेला व्यापार त्यांनी पुन्हा वाढवला नाही, उरलेले दुकानही टाकले नाही.

खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर सत्संग होई. मॉरिस फ्रीडमन यांनी तिथले मराठी संवाद १९७३ मध्ये इंग्रजीत आणले, आणि परदेशी जिज्ञासूही येऊ लागले. महाराज स्वतः विडी ओढत. अखेरीस घशाचा कर्करोग झाला. तरी ८ सप्टेंबर १९८१ रोजी देह ठेवण्याच्या थोडे आधीपर्यंत ते आलेल्यांशी बोलत होते.