चित्रांनी कथा सांगणारे दादासाहेब

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर या क्षेत्री झाला. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. परंतु धुंडिराजाचे चित्त चित्रे काढण्यात आणि सोंगे आणण्यात रमे. मुंबईची जे. जे. कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे त्यांनी चित्रकला, छायाचित्रण आणि छपाई या विद्या आत्मसात केल्या. जादूचे प्रयोगही ते करीत.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. मग त्यांना दुसरे काही सुचेना. रोज चित्रपट पाहून पाहून त्यांची दृष्टी अधू झाली, ती औषधोपचारांनी परत मिळाली. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते विलायतेस गेले आणि कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

परंतु पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि महिनाभर, थोड्या थोड्या अंतराने, त्याची एकेक छबी टिपली. ती फीत पडद्यावर धावू लागताच पाहणारे थक्क झाले. माती दुभंगली, अंकुर वर आला, त्याचा वेल झाला; महिन्याचा काळ जेमतेम एका मिनिटात उलगडला! चित्रपटात कथा सांगावयाची ती अशीच. मधला रिकामा काळ गाळावा आणि ज्या क्षणी काही पालटते तेवढा क्षण ठेवावा.

आता प्रश्न राजा हरिश्चंद्राच्या कथेचा होता. कीर्तनकाराला वाणी असते, नटाला संवाद असतात. मूकपटाला यातले काहीच नाही. मधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्या सोडल्या, तर सारा भार चित्रांच्या क्रमावर. दादासाहेबांनी आरंभ संकटाने केला नाही. प्रथम दिसतो तो सुखी राजा, आपल्या पुत्रास धनुर्विद्या शिकविणारा. जवळच राणी तारामती. हे सुख डोळ्यांनी पाहिल्यावाचून त्याच्या नाशाचे दुःख प्रेक्षकाला कसे व्हावे? नंतर राजा शिकारीस जातो, अरण्यात स्त्रियांचा आक्रोश ऐकून धावतो, आणि नकळत विश्वामित्रांच्या यज्ञात विघ्न आणतो. इथे कथेचे चक्र फिरते. राज्य जाते, वनवास येतो, पुत्र मरतो, आणि काशीच्या राजपुत्राच्या हत्येचा आळ तारामतीवर येतो. अखेर तिचा वध करण्याचे काम हरिश्चंद्रावरच पडते. तलवार उगारली जाते, आणि त्याच क्षणी भगवान शंकर प्रकट होतात! पुत्र जिवंत होतो, मुकुट परत मिळतो.

हे साधावयास घरची माणसे खपली. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, साऱ्या मंडळींना रांधून वाढले, फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट कामही शिकून घेतले. त्या काळी पडद्यावर काम करण्यास स्त्री मिळेना, म्हणून साळुंके नावाचा उपाहारगृहातील आचारी तारामती झाला. रोहिदास झाला तो फाळक्यांचाच मुलगा, भालचंद्र. सुमारे ३,७०० फूट लांबीची ही फीत ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात लोकांपुढे आली. मोठा धोका होता, कारण प्रेक्षकांना तोवर लहान लहान तुकड्यांची सवय. एकच कथा ते शेवटपर्यंत पाहतील का? लोकांनी ती आवडीने पाहिली.

पुढे १९१७ मध्ये 'लंकादहन' आणि १९१९ मध्ये 'कालियामर्दन' आला. या दुसऱ्या चित्रपटात कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. कथा सुरू होण्यापूर्वी तिच्या मुखावरील निरनिराळे भाव दाखविले आहेत, ही दादासाहेबांची मोठी मौजेची युक्ती. बोलपटांचा काळ मात्र त्यांना मानवला नाही. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते निवर्तले.

हरिश्चंद्राच्या कथेच्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे आज उरले आहे. राजवाड्यातील तो धनुर्विद्येचा पाठ अजूनही पाहावयास मिळतो.