बिरबल साहनी आणि दगडातलं फळ

बिरबल म्हटलं की आपल्याला अकबर आठवतो. मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते बिरबल लखनौला प्राध्यापक होते आणि दगडात अडकलेल्या झाडांना नावं द्यायचे. सिव्हिलवाल्यांना जीवाश्म हा शब्द जिऑलॉजीच्या पेपरात दोन मार्कांपुरता भेटतो, बाकीच्या ब्रँचना तेवढाही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिरबल साहनी यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ चा, गाव भेरा. ते आता पाकिस्तानात आहे. वडील रुचीराम लाहोरला रसायनशास्त्र शिकवायचे. १९११ मध्ये बिरबल केंब्रिजला गेले, तिथे सीवर्ड यांच्या हाताखाली तयार झाले आणि १९१९ ला परतले. बनारस, लाहोर करत १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्रमुख झाले, ते शेवटपर्यंत. १९३६ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. पण हे सगळं कुठल्याही हुशार माणसाच्या चरित्रात सापडतं. खरी गंमत दगडांत आहे.

शहापूरहून पश्चिमेला निघालं की नागपूरजवळ काळा बेसाल्ट सुरू होतो. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. हा लाव्हा एका दमात आला नाही. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली, मग पुढच्या लोटाने सगळं झाकून टाकलं. गाळात सिलिका मुरली आणि फळं, बिया, खोडं पेशींसकट दगड झाली. ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे त्या हिस्लॉप साहेबांनी आणि त्यांचे सहकारी हंटर यांनी टाकळीला असे जीवाश्म जमवले होते, तेही १८५० च्या दशकात. पुढे टाकळीच्याच एका शंकूला साहनींनी १९३१ मध्ये नाव दिलं : टाकलिओस्ट्रोबस. नागपूरची टाकळी अशी जगभरच्या पुस्तकांत गेली!

छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या दगडांत त्यांना एक फळ मिळालं. असा दगड कापायचा, घासायचा, इतका पातळ करायचा की सूक्ष्मदर्शकाखाली त्यातून उजेड आरपार जाईल. मग एकेका चकतीवरून अख्ख्या फळाचा आकार डोक्यात उभा करायचा. आपल्या ड्रॉइंगच्या सेक्शनल व्ह्यूसारखंच, फक्त इथे मूळ वस्तू कुणी पाहिलेली नसते. हे फळ कुठल्या कुळातलं ते कळेना. साहनींनी ओढूनताणून कुठेतरी बसवलं नाही. १९३४ मध्ये सरळ 'कोडं-फळ' अशा अर्थाचं नाव ठेवलं : एनिग्मोकार्पॉन परिजाई. त्यातले परिजा म्हणजे ओडिशाचे वनस्पतिशास्त्रज्ञ प्राणकृष्ण परिजा. नऊ वर्षांनी, १९४३ मध्ये, त्याच फळावर मोठा लेख लिहून त्यांनी ते मेंदीच्या कुळात नेलं. आपलं ताम्हण आणि धायटीही त्याच कुळातली. कोडं बरंचसं सुटलं, पण नाव तेच राहिलं, कारण नियमाप्रमाणे पहिलं नाव टिकतं. होस्टेलवर फर्स्ट इयरला पडलेलं नाव बी.ई. होईपर्यंत चिकटतं, तसंच.

साहनी चुकलेसुद्धा. पंजाबच्या मिठाच्या डोंगरातल्या थरांत त्यांना लाकडाचे आणि कीटकांचे सूक्ष्म तुकडे दिसले. त्यावरून ते थर इओसीन काळातले, म्हणजे फार जुने नाहीत, असं ते ठामपणे मांडत राहिले. बरेच भूवैज्ञानिक त्यांना कॅम्ब्रियन म्हणत होते, आणि थर खरोखरच कित्येक कोटी वर्षांनी जुने निघाले. दख्खनच्या लाव्हालाही ते इओसीनच म्हणायचे. आज तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. मला वाटतं, ज्या माणसाने फळाच्या बाबतीत नऊ वर्षं दम धरला, त्याने मिठाच्या बाबतीतही थोडा धरायला हवा होता.

आपले जीवाश्म आणि ग्रंथसंग्रह देऊन त्यांनी लखनौला पुरावनस्पती संस्था उभी करायला घेतली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी पायाभरणी केली. त्या कोनशिलेत ठिकठिकाणचे जीवाश्म बसवले होते. आठवडाभरातच, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनी गेले.

पुढे या संस्थेत झाडांच्या पलीकडचंही काम झालं. डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव असतात, बहुतेक समुद्रातले. त्यांतले काही स्वतःभोवती चिवट कवच करतात, त्याला सिस्ट म्हणतात. पेशी बाहेर पडते, कवच गाळात राहतं. त्या कवचावर काटे कसे आहेत, पेशी बाहेर पडायचं भोक नेमकं कुठे आहे, यावरून जात ठरवतात आणि नाव देतात. कित्येक जातींचा जिवंत जीव कुणीच पाहिलेला नाही. नाव आहे ते कवचाचं. तेलाच्या विहिरीतून वर आलेल्या चिमूटभर चुऱ्यातही ही कवचं सापडतात आणि थराचं वय सांगतात, म्हणून तेल कंपन्यांना त्यांची गरज पडते.

साहनी गेले तेव्हा संस्थेच्या इमारतीची फक्त कोनशिला होती. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी काम अंगावर घेतलं आणि जानेवारी १९५३ मध्ये इमारतीचं उद्घाटन करायला पुन्हा नेहरूच आले.