मायकेल फॅरडे आणि सायकलचा दिवा

तापी व गोमाई यांच्या संगमावरील प्रकाशा या गावाच्या नावातच उजेड आहे. परंतु सूर्यास्तानंतर तेथून शहाद्याकडे अगर नंदुरबारकडे निघालेला सायकलस्वार दिव्यावाचून असला, तर मागून येणाऱ्या मोटारचालकास तो अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. या संकटावरील एक उपाय ज्याच्या शोधातून निघाला, त्या मायकेल फॅरडे याचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका गरीब लोहाराच्या घरी झाला. लिहिणे, वाचणे व थोडे गणित, एवढेच शिक्षण त्यास मिळाले. चौदाव्या वर्षी तो एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवार राहिला. पुस्तके शिवता शिवता तो ती वाचू लागला. ज्ञानकोशातील विजेवरील लेखाने त्याचे चित्त वेधले. १८१२ साली एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर त्याने हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली, त्यांची टिपणे स्वतः बांधून डेव्हींकडे पाठविली, आणि पुढील साली रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत त्यास मदतनिसाची जागा मिळाली.

विजेच्या प्रवाहाने चुंबकत्व उत्पन्न होते, हे तेव्हा ठाऊक झाले होते. मग चुंबकाने वीज का उत्पन्न होऊ नये? हा प्रश्न त्याने कित्येक वर्षे सोडला नाही. १८३१ साली त्यास उत्तर सापडले. तारेच्या वेटोळ्यात चुंबक आतबाहेर हलविला की प्रवाह वाहतो. चुंबक स्थिर राहिला की थांबतो. सायकलच्या डायनॅमोचे मर्म हेच. चाकाला टेकलेली चकती फिरते, तिच्याबरोबर आतील चुंबक फिरतो आणि दिवा लागतो. तेल नको, सेल नको. पायांच्या बळाचाच उजेड होतो.

१८३६ पासून पुढे अनेक वर्षे फॅरडे इंग्लंडातील दीपगृहांच्या कारभाराचा शास्त्रीय सल्लागार होता. दिव्यांचा धूर व वाफ काचांवर साचून उजेड मंद होई; ती बाहेर नेणारे धुराडे त्याने योजिले. १८५८ साली साउथ फोरलंड येथील दीपगृहात विजेचा दिवा लागला, तोही त्याच्याच तत्त्वावर चालणाऱ्या यंत्राने. त्याची परीक्षा फॅरडेनेच केली. सरदारकीचा मान त्याने नाकारला, आणि २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्याचा अंत झाला.

दीपगृहाचा दिवा आपणास दिसावे म्हणून नसतो. आपण दुसऱ्यास दिसावे म्हणून असतो. सायकलच्या दिव्याचेही तसेच आहे. चांदण्यात वाट ओळखीची असली, तरी मोटारचालकास आपली ओळख नसते. साध्या डायनॅमोचा दिवा सायकल थांबताच विझतो; म्हणून मागील बाजूस लाल परावर्तक काचही हवी. तीस वीज लागत नाही; मोटारीचाच उजेड ती मोटारीकडे परत पाठविते. तिच्यावरील धूळ व चिखल मात्र रोज पुसला पाहिजे. सेलवर चालणारे दिवेही आता बाजारात मिळतात. मुलास सायकल घेऊन देणाऱ्या पालकांनी घंटेआधी या दोन वस्तू पाहाव्यात, आणि विद्यार्थ्यांनी त्यांवाचून रात्री रस्त्यावर जाऊ नये, अशी आमची कळकळीची विनंती आहे.