हंगाम सरल्यावरचा खेळाडू

जळगाव-धुळ्याचा माणूस कामानिमित्त नाशिकला गेला, की त्र्यंबक रोडवरच्या ‘गोल्फ क्लब’ मैदानाजवळून एकदा तरी जातोच. मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे. तेथे रणजीचे सामने होतात आणि पहाटे फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते. गोल्फ मात्र कुठे दिसत नाही. साहेब गेला, त्याच्याबरोबर त्याचा खेळही गेला आणि मागे नाव तेवढे उरले. आपल्या खानदेशात तर गोल्फची काठी हातात धरलेला माणूस शोधूनच काढावा लागेल.

तरीही आज एका गोल्फपटूची गोष्ट सांगायची आहे, कारण ती शेतकऱ्याला चटकन कळेल अशी आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटल्या, रब्बी घरात आली, की आपले शिवार ओके-बोके दिसते. शहरातल्या माणसाला वाटते, आता शेतकऱ्याला सुट्टी. पण जाणता शेतकरी चैत्र-वैशाखात नांगरट करतो, ढेकळे उन्हात तापू देतो. तण जळते, किडींचे कोष उघडे पडतात. मृगाचा पाऊस पडतो तेव्हा पीक वर येते, पण त्याची तयारी रिकाम्या दिवसांतच झालेली असते. रॉबर्ट टायर जोन्स, म्हणजे जगाचा लाडका बॉबी जोन्स, याच्या आयुष्याचे मर्म हेच आहे.

कापसाच्या मुलखातला मुलगा

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ रोजी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात, अटलांटा शहरात झाला. जॉर्जिया हा कापसाचा मुलूख. तिकडची माती तांबडी आणि आपली काळी, एवढाच काय तो फरक. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. बॉबीच्या आजोबांची कँटन गावी कापडगिरणी होती. अमळनेरच्या प्रताप मिलचा भोंगा ऐकत लहानाचे मोठे झालेल्या वाचकांना ते वातावरण वेगळे सांगायला नको. आजोबा मोठे धार्मिक आणि करड्या शिस्तीचे. बॉबीच्या वडिलांचे बेसबॉलपटू होण्याचे स्वप्न त्यांनी मोडले आणि मुलाला वकील केले.

नातू मात्र इतका अशक्त, की पहिली काही वर्षे त्याला धड जेवणही पचत नसे. मोकळ्या हवेत राहावे म्हणून कुटुंब उन्हाळ्यात ईस्ट लेक येथील गोल्फ मैदानापाशी राहू लागले. तेथे स्टुअर्ट मेडन नावाचा स्कॉटिश शिक्षक होता. बॉबीने त्याच्याकडे रीतसर धडे घेतले नाहीत. पोरगा त्याच्या मागे-मागे फिरायचा, बघायचा आणि घरी येऊन तसाच फटका मारायचा.

वयाच्या अवघ्या १४ व्या वर्षी, १९१६ मध्ये, तो अमेरिकेच्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत उतरला. साऱ्या देशाने कौतुक केले, पण पुढची सात वर्षे मोठे यश काही हाती लागेना. फटक्यात दोष नव्हता, दोष स्वभावात होता. चेंडू चुकला की हा काठी भिरकावायचा. १९२१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज या गोल्फच्या पंढरीत एका वाळूच्या खड्ड्यातून चेंडू बाहेर निघेना, तेव्हा रागाच्या भरात त्याने स्पर्धाच सोडली. त्या दिवसाची लाज त्याला जन्मभर वाटत राहिली.

हौशी म्हणजे काय?

गोल्फमध्ये १८ होल असतात. कमीत कमी फटक्यांत जो चेंडू त्या सगळ्यांत घालील, तो जिंकला. नियम इतका साधा, पण एक फटका इकडचा तिकडे झाला, की वर्षाची मेहनत पाण्यात. त्या काळी खेळाडूंचे दोन वर्ग होते. धंदेवाईक खेळाडू पैशासाठी खेळत, हौशी खेळाडूला एक छदामही घेता येत नसे. बॉबी शेवटपर्यंत हौशी म्हणूनच खेळला. त्यामुळे गोल्फ त्याच्या वर्षातला एक लहानसा भाग होता. तो ठरावीक मोठ्या स्पर्धा खेळायचा. हिवाळा आला की काठ्या बाजूला पडायच्या आणि पुस्तके बाहेर निघायची.

त्या हिवाळ्यांचा हिशेब पाहा. १९२२ मध्ये तो जॉर्जिया टेक या संस्थेतून मेकॅनिकल इंजिनिअर झाला. १९२४ मध्ये हार्वर्डमधून इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. त्याच वर्षी मेरी मॅलोन हिच्याशी लग्न केले. पुढे कायद्याचा अभ्यासक्रम पुरा होण्याआधीच वकिलीची परीक्षा देऊन तो वडिलांच्या कचेरीत बसू लागला. एकीकडे तो जगातला सर्वांत मोठा गोल्फपटू होत होता आणि दुसरीकडे संसारी माणसासारखा पोटापाण्याची सोय करत होता.

त्याचा संतापही याच काळात निवाला. १९२५ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत फटका मारण्याच्या तयारीत असताना चेंडू किंचित हलला. कुणीही पाहिले नव्हते. बॉबीने स्वतःहून दंडाचा एक फटका आपल्या नावावर लावून घेतला. अखेरीस बरोबरी झाली आणि जादा फेऱ्यांमध्ये तो एका फटक्याने हरला. तो न सांगितलेला फटका त्याला विजेता करून गेला असता. लोकांनी कौतुक केले तेव्हा त्याला ते आवडले नाही. नियम पाळणे ही काही कौतुकाची गोष्ट आहे का, असा त्याचा सवाल असे.

दोन हिवाळे

त्याच्या आयुष्यातले दोन हिवाळे मात्र वेगळे गेले. पहिला १९२५-२६ चा. त्या वर्षी तो फ्लोरिडात सारासोटा येथे जमिनीच्या व्यवहाराचे काम करत होता. हवा उबदार असल्याने हिवाळ्यातही खेळ चालू राहिला. तेथे त्याने वॉल्टर हेगन या नामांकित धंदेवाईक खेळाडूशी ७२ होलचा सामना घेतला. हेगनने त्याला असे काही धुतले, की ११ होल शिल्लक असतानाच बारा होलच्या आघाडीने निकाल लागला. असा पराभव बॉबीच्या वाट्याला पूर्वी आला नव्हता आणि पुढेही आला नाही. पण हार हंगामाबाहेर झाली, म्हणून तिच्यातून शिकायला वेळ मिळाला. त्याच उन्हाळ्यात, १९२६ मध्ये, त्याने ब्रिटिश आणि अमेरिकन अशा दोन्ही खुल्या स्पर्धा जिंकल्या. एकाच वर्षी हे साधणारा तो पहिलाच.

दुसरा हिवाळा १९२९-३० चा. १९२९ मध्ये राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत तो हरला होता. पुढच्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा एकामागोमाग जिंकायच्या, असा विचार त्याच्या मनात घोळत होता. अडचण शरीराची होती. हिवाळ्यात त्याचे अंग सुटायचे आणि स्पर्धेच्या ताणाने काही दिवसांत वजन झपाट्याने उतरायचे. हे सोसायला अंगात दम हवा होता.

यावर त्याने काढलेला उपाय मजेदार आहे. मूकपटांचा नायक डग्लस फेअरबँक्स हा त्याचा मित्र. फेअरबँक्सने टेनिस आणि बॅडमिंटन यांची सांगड घालून एक दमछाक करणारा खेळ तयार केला होता. त्याचे नावच ‘डग’. बॉबी त्या हिवाळ्यात अटलांटात हा खेळ खेळत राहिला. गोल्फच्या काठीला विश्रांती, पण पायांना आणि छातीला नाही. येथे आपल्या महाराष्ट्राचा धागा जुळतो. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या लष्करी छावणीत बांधले गेले आणि साहेब त्या खेळाला ‘पूना’ म्हणत. गोल्फच्या सर्वांत मोठ्या पराक्रमाच्या तयारीत पुण्याच्या फुलाचाही थोडा वाटा आहे, असे आपण कौतुकाने म्हणायला हरकत नाही.

मग १९३० चा हंगाम उजाडला. मेमध्ये सेंट अँड्र्यूज येथे, म्हणजे जेथून तो रागाने निघून गेला होता तेथेच, ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली. जूनमध्ये हॉयलेक येथे ब्रिटिश खुली स्पर्धा. जुलैत मिनियापोलिसला अमेरिकन खुली स्पर्धा. तेथे पारा १०० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला होता. जळगावच्या मे महिन्यापुढे ते काहीच नाही, पण बिचारा टाय लावून खेळत होता. घामाने टायची गाठ इतकी आवळली, की ती शेवटी कापून काढावी लागली. सप्टेंबरमध्ये मेरियन येथे अमेरिकन हौशी स्पर्धा जिंकून चौकोन पुरा झाला. हे मैदान तेच, जेथे १४ वर्षांचा पोरगा पहिल्यांदा उतरला होता.

आणि नोव्हेंबर १९३० मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, १३ मोठी अजिंक्यपदे खात्यावर असताना, त्याने स्पर्धात्मक खेळाला रामराम ठोकला.

न सरणारा हिवाळा

पुढे त्याने गोल्फ शिकवणारे लघुपट केले आणि ऑगस्टा येथे एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर मैदान उभारले. १९३४ पासून तेथे भरणारी स्पर्धा आज ‘मास्टर्स’ म्हणून जगभर पाहिली जाते. गंमत म्हणजे हा क्लब थंडीत खेळण्यासाठीच बांधला, उन्हाळ्यात तो बंद असतो. दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या क्लबने पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला तो १९९० मध्ये आणि स्त्रियांना दार उघडले ते २०१२ मध्ये. बॉबी ज्या समाजात वाढला, त्याच्या भिंती त्यानेही ओलांडल्या नाहीत.

१९४८ नंतर तो कधी गोल्फ खेळू शकला नाही. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू हळूहळू निकामी करणारा ‘सिरिंगोमायेलिया’ हा असाध्य आजार त्याला जडला होता. शस्त्रक्रियांचा उपयोग झाला नाही. आधी काठी, मग पायांना पट्ट्या, मग चाकाची खुर्ची. जो हात जगातला सर्वांत डौलदार फटका मारायचा, त्या हाताला लेखणी धरणे जड झाले. पण तो कचेरीत जात राहिला, पत्रांना उत्तरे देत राहिला. आपल्या दुखण्याची चर्चा त्याला खपत नसे. गोल्फमध्ये चेंडू जेथे पडेल तेथूनच मारावा लागतो. आपल्या आजारालाही त्याने तोच नियम लावला.

१९५८ मध्ये सेंट अँड्र्यूजने त्याला नगराचे सन्माननीय नागरिकत्व दिले. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन. समारंभ संपून तो सभागृहातून बाहेर निघाला, तेव्हा सारा जनसमुदाय त्याला निरोप देण्यासाठी गाऊ लागला. १८ डिसेंबर १९७१ रोजी, ऐन हिवाळ्यात, त्याने अटलांटात डोळे मिटले.

चार अजिंक्यपदांचा तो उन्हाळा जेमतेम पाच महिन्यांचा होता. आजाराचा हिवाळा वीस वर्षांहून मोठा. तेथे ना प्रेक्षक होते, ना चषक. पण राग गिळायला, वाट पाहायला आणि गाजावाजा न करता काम करत राहायला तो ज्या रिकाम्या दिवसांत शिकला, तेच शिक्षण शेवटी कामी आले.

आपल्याकडेही जिल्हा स्पर्धा आटोपल्या, की मुले बॅट आणि कबड्डीचे बूट माळ्यावर टाकतात. त्यांना रागावू नका. संध्याकाळी सहज वैशाखातल्या एखाद्या नांगरलेल्या शेताच्या बांधावर घेऊन जा आणि ती तापत पडलेली ढेकळे दाखवा. बाकीचे त्यांना आपोआप कळेल.