स्वातंत्र्यकवी गोविंद

उज्जैन आणि नाशिक ही दोन्ही सिंहस्थाची गावे. एक क्षिप्रेकाठी, दुसरे गोदावरीकाठी. आपल्यापैकी अनेक घरांचे नाशिकशी येणे-जाणे आहे. त्याच नाशिकमधील एका कवीची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून देत आहोत.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म १८७४ सालचा. लहानपणीच्या आजारात त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले आणि ते कायमचे पांगळे झाले. घरची परिस्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. पण कानात लय होती आणि जिभेवर शब्द. तरुणपणी ते लावण्या रचत. लोक त्यांना आबा म्हणत.

नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीत त्यांची सावरकर बंधूंशी गाठ पडली आणि त्यांच्या आयुष्याला वळण लागले. १९०० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘मित्रमेळ्या’चे ते कवी झाले. शृंगार मागे पडला, देश पुढे आला. शिवजयंतीला आणि गणेशोत्सवात मेळ्याची तरुण मुले त्यांची पदे व अफझलखान वधाचा पोवाडा गात. आबांना मिरवणुकीत चालता येत नव्हते, पण मिरवणूक त्यांच्याच शब्दांवर चालत होती. आज आपण मंडपात बसून आरत्या म्हणतो. त्या काळी याच उत्सवातील गाण्यांची सरकारला धास्ती वाटत असे.

युद्धावाचून स्वातंत्र्य मिळत नाही, असे सांगणारे त्यांचे ‘रणाविण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ हे पद गाजले. अशी पदे छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांवर राजद्रोहाचा खटला झाला. पदे वरवर देव-दानवांची व शिवरायांची होती, पण रोख कोणावर आहे हे न्यायालयाने ओळखले. जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्यांच्यापाशी बसून गाणी रचली, ते मित्र अंदमानात गेले, कोणी तुरुंगात गेले. ही किंमत कवीच्या डोळ्यांदेखत मोजली गेली. बाबाराव १९२२ साली सुटले.

आबांनी लिहिणे सोडले नाही. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी मृत्यूवर ‘सुंदर मी होणार’ ही कविता लिहिली. जीर्ण देह टाकून नवा देह लाभणार, या आनंदाची ती कविता आहे. जन्मभर लुळे पाय वागवलेल्या माणसाने ती लिहिली, हे लक्षात घेतले की तिचा अर्थ अधिक खोल जातो. २८ फेब्रुवारी १९२६ रोजी ते गेले. पुढे पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला हेच नाव दिले. त्या नाटकाची नायिकाही पायांनी अधू आहे.

आबांची प्रतिभा त्यांची स्वतःची होती. तिला दिशा मिळाली ती मित्रांमुळे. ‘बिचारा’ म्हणून त्यांना कोपऱ्यात न बसवता त्या मुलांनी त्यांच्याकडे काम मागितले.

आम्ही सरकारी कचेरीत काम करतो. जिना चढता येत नाही म्हणून खाली ताटकळलेली माणसे नेहमी पाहतो. पक्षाघाताने घरी बसलेले कोणी काका, कोणी आजी आपल्या टावर चौकाच्या आसपासही असतील. उत्सवाच्या दहा दिवसांत त्यांना प्रसाद घरपोच जातो, हे चांगलेच आहे. पण त्यांना गाणे बसवून द्यायला सांगावे, नाटुकले लिहून मागावे, मंडपात पुढची जागा त्यांच्या खुर्चीसाठी राखावी. कोणाच्या घरात एखादे आबा असतील, सांगता येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!