नाना फडणवीस : कारस्थान आणि कागद

मराठीबाहेरच्या वाचकास नाना फडणवीस परिचित आहेत ते बहुधा विजय तेंडुलकरांच्या घाशीराम कोतवाल (१९७२) ह्या नाटकामुळे. इतिहासातील बाळाजी जनार्दन भानू त्या रंगमंचीय नानांहून बरेच गुंतागुंतीचे होते.

त्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्यास झाला. पेशव्यांची फडणिशी घराण्यात वंशपरंपरेने चालत आली होती. १७६१ मध्ये पानिपतावरून ते जीव वाचवून परतले. मातोश्री परतल्या नाहीत. आपल्या त्रोटक आत्मवृत्तात त्यांनी हे सारे नोंदविले आहे. स्वतःच्या दुर्बलतेची इतकी उघड कबुली त्या काळच्या मराठी गद्यात विरळाच.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी पेशवे नारायणराव ह्यांचा खून केला. रामशास्त्री प्रभुणे ह्यांनी पेशव्यांचे चुलते रघुनाथराव ह्यांना दोषी ठरविले. लोकस्मृतीने मात्र दोष रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांच्या माथी मारला. पतीच्या हुकमातील धरावे हा शब्द त्यांनी मारावे असा केला, ही कथा इतकी रुजली की ध चा मा करणे हा वाक्प्रचारच होऊन बसला. चिकित्सक अभ्यासकांनी तिच्याविषयी घेतलेली शंका रास्त आहे. एका अक्षरात मावणारे कारस्थान सांगावयास सोपे. गारद्यांचा थकलेला पगार, दरबारातील तट, नजरकैदेतील काकांची तगमग हे सारे त्यात गळून पडते. शिवाय स्त्रीवर ठेवलेला आळ फारसा पुरावा मागत नाही.

बारभाईंचे कारस्थान मात्र खरेखुरे होते. नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे प्रभृतींनी नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाई ह्यांना पुरंदरावर हलविले. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि अर्भकाच्या नावाने राज्य चालू लागले. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयास गेले. त्यातून उद्भवलेले युद्ध सालबाईच्या तहाने १७८२ मध्ये मिटले. तोवर बारभाई फुटले होते. १७७८ मध्ये चुलतभाऊ मोरोबांनी नानांविरुद्धच कट केला, तर एकेकाळचे सोबती सखारामबापू १७८१ मध्ये कैदेत वारले. नानांच्या चरित्रातील ही बाजू त्यांच्या स्तुतिपाठकांना अडचणीची वाटते.

१७९५ मध्ये सवाई माधवराव वाड्यातून खाली पडून मरण पावले. नानांच्या धाकाने केलेली आत्महत्या असे काही म्हणतात. तापाच्या भ्रमात तोल गेला असे काही. सर्वत्र कट पाहणारे नाना १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या छावणीत भेटीस गेले आणि तेथेच पकडले गेले. अहमदनगरच्या किल्ल्यातून सुटल्यावर ते पुन्हा कारभारात आले. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात वारले.

वाईनजीक मेणवलीच्या त्यांच्या वाड्यात कागदांचा मोठा संग्रह मागे राहिला. द. ब. पारसनीस ह्यांनी पुढे त्यातील पुष्कळ कागद प्रसिद्ध केले. नानांवरील आरोपांची शहानिशा करू पाहणाऱ्यास आजही त्यांनीच जपलेल्या ह्या दप्तराकडे वळावे लागते.