कॉलिन चॅपमन: विकली न गेलेली जुनी गाडी आणि कमी पैशातलं रेसिंग

रेसिंगचा व्हिडिओ पाहिला की आपला पहिला प्रश्न असतो, गाडी किती कोटींची? फॉर्म्युला वनच्या बाबतीत हा प्रश्न बरोबरच आहे. पण रेसिंगचा आणखी एक थर असतो, क्लब रेसिंगचा. नोकरी-धंदा सांभाळून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून सुट्टीच्या दिवशी रेस करणारे लोक. मी शिरूर कासारचा. आपल्याकडे रेस ट्रॅक नाही, पण पत्रा कापणारे आणि पाईप वेल्ड करणारे चांगले कारागीर आहेत. म्हणून मला हा थर जास्त जवळचा वाटतो. याच थरातून वर आलेल्या एका इंजिनिअरची ही गोष्ट.

शिल्लक राहिलेली गाडी

कॉलिन चॅपमनचा जन्म 19 मे 1928 रोजी इंग्लंडमधल्या रिचमंडचा. वडील लंडनच्या हॉर्नसी भागात रेल्वे हॉटेल चालवायचे. 1945 मध्ये तो युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. शिकता शिकता तो एका मित्रासोबत जुन्या गाड्या घेऊन विकायचा. धंदा बरा चालला होता. पण महायुद्धानंतरच्या टंचाईमुळे पेट्रोल रेशनवर होतं आणि 1947 च्या शेवटी सरकारने खासगी गाड्यांचा तोही कोटा बंद केला. जुन्या गाड्यांचे भाव कोसळले. सगळा माल तोट्यात काढल्यावर एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली. तिला गिऱ्हाईकच मिळेना.

ऑस्टिन सेव्हन म्हणजे तेव्हाची इंग्लंडची मारुती 800 समजा. 747 सीसीचं छोटं इंजिन, हलकी गाडी, सुटे भाग सगळीकडे मिळणार. चॅपमनने ती मैत्रीण हेझलच्या घरामागच्या गॅरेजमध्ये उघडली. जुनी बॉडी काढून प्लायवूडवर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा चिकटवलेली नवी बॉडी बसवली. अशा बांधणीची कल्पना विमानांकडून आली होती. 1948 मध्ये ही गाडी घेऊन तो ट्रायल्समध्ये, म्हणजे चिखलाच्या चढावर गाडी चढवायच्या स्पर्धांमध्ये उतरला. हेझल शेजारच्या सीटवर असायची. हीच पहिली लोटस, मार्क 1.

डिग्री मात्र अडकली होती. गणिताचा राहिलेला पेपर पुन्हा देऊन त्याने ती 1949 मध्ये मिळवली.

वजनाचं गणित

चॅपमनचं तंत्र समजायला आकडेमोड करू. मारुती 800 ची ताकद सुमारे 37 अश्वशक्ती आणि वजन सुमारे 650 किलो धरा. म्हणजे एका टनामागे 57 अश्वशक्ती. आता इंजिनाला हात न लावता वजन 500 किलोवर आणलं, तर तोच आकडा 74 होतो. जवळपास 30 टक्के फायदा. शिवाय हलकी गाडी लवकर थांबते, वळणावर कमी घसरते आणि टायर कमी खाते.

मोठं इंजिन घ्यायला पैसे लागतात. वजन कमी करायला मुख्यतः डोकं आणि वेळ लागतो. चॅपमनकडे दुसरी गोष्ट भरपूर होती.

नियमांची पुस्तिका नीट वाचणारा माणूस

1939 मध्ये स्थापन झालेला 750 मोटर क्लब ऑस्टिन सेव्हनवाल्यांचा. त्यांनी या गाडीचे भाग वापरून रेसिंग करायचा एक स्वस्त गट सुरू केला, 750 फॉर्म्युला. इंजिन सगळ्यांचं सारखं, त्यामुळे पैसेवाल्याचा फायदा कमी. 1951 साठी चॅपमनने या गटात मार्क 3 बनवली.

ऑस्टिनच्या इंजिनात चार सिलिंडर होते, पण पेट्रोल-हवेचं मिश्रण आत जायला वाटा दोनच. एका नळावर दोन घरं, असा प्रकार. एकाने आधी पाणी ओढलं की दुसऱ्याला कमी. चॅपमनने त्या वाटेत मधोमध पडदा घालून प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट दिली. नियमात याला कुठेच मनाई नव्हती. त्या मोसमात त्याची गाडी बाकीच्यांना सापडेचना. शेवटी क्लबने नियम बदलून ही युक्ती बंद केली.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या मला हा भाग सगळ्यात आवडतो. कमी बजेटमध्ये नियमांची पुस्तिका हेच तुमचं सगळ्यात स्वस्त हत्यार असतं.

25 पौंड आणि किट

1 जानेवारी 1952 रोजी लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली. भांडवल 25 पौंड, तेही हेझलकडून उसने. वर्कशॉप वडिलांच्या हॉटेलमागच्या जुन्या तबेल्यात. चॅपमन दिवसा ब्रिटिश ॲल्युमिनियम कंपनीत नोकरी करायचा आणि रात्री गाड्या बनवायचा. ती नोकरी त्याने 1955 मध्ये सोडली.

मार्क 6 या गाडीने कंपनी उभी राहिली. बारीक नळ्या त्रिकोणात जोडून केलेली तिची फ्रेम सुमारे 25 किलोची होती. फ्रेम लोटसने द्यायची. इंजिन, ॲक्सल गिऱ्हाईकाने जुन्या फोर्डमधून काढायचे आणि गाडी घरी जोडायची. सुट्या भागांवर खरेदी कर लागत नसल्याने आणखी बचत. साधारण 100 मार्क 6 विकल्या गेल्या. आठवडाभर हीच गाडी घेऊन कामावर जायचं आणि रविवारी तीच ट्रॅकवर न्यायची, हे शक्य झालं.

पुढचा प्रवास जगाला माहीत आहे. 1958 मध्ये लोटस फॉर्म्युला वनमध्ये आली आणि चॅपमनच्या हयातीत तिने कन्स्ट्रक्टर्सची 7 विजेतेपदं जिंकली.

हलकेपणाची दुसरी बाजू

आता जी गोष्ट सांगतोय, ती रीलमध्ये सहसा येत नाही. 1960 मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात माईक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं. तो गंभीर जखमी झाला, कोर्टात गेला आणि लोटसविरुद्ध जिंकला. त्याच सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं मागचं चाक निखळलं आणि त्याचे पाय मोडले. 1970 मध्ये मोंझाला योखेन रिंट गेला. त्याच्या लोटसच्या पुढच्या ब्रेकचा शाफ्ट तुटला होता आणि ट्रॅकचा कठडाही नीट बसवलेला नव्हता. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

लोटसच्या गाड्या वेगवान पण नाजूक, ही टीका चॅपमनला आयुष्यभर चिकटली. मला ती रास्त वाटते. शर्यत हरण्याचा धोका स्वतःचा असतो, पण बारीक केलेल्या भागाचा धोका सीटवर बसलेल्याचा असतो. शेवटच्या काळात त्याचं नाव डीलोरियन कंपनीच्या पैशांच्या घोटाळ्यातही आलं. खटला त्याच्यावर चाललाच नाही, कारण 16 डिसेंबर 1982 रोजी, 54 व्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला.

आपल्याला यातून काय घेता येईल?

भारतातही हा मार्ग चालून पाहिलेला आहे. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी 1980 च्या दशकात मारुती 800 चं इंजिन वापरून एका सीटची स्वस्त रेसिंग कार बनवली. आपला पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच प्रकारच्या गाडीत धावला. इंजिनिअरिंगला असाल तर बाहा एसएईइंडिया स्पर्धेसाठी कॉलेजची टीम बांधून गाडी स्वतः बनवता येते.

सुरुवात करायची असेल तर हा क्रम ठेवा. आधी एफएमएससीआयची मान्यता असलेली स्पर्धा शोधा. ऑटोक्रॉस सोयीची, कारण तिथे लढत घड्याळाशी असते. तिची नियमावली वाचा, लायसन्स काढा, चांगलं हेल्मेट घ्या आणि मग गाडीचा विचार करा. लॅप टायमर ॲप वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा: बहुतेक फोनचा जीपीएस सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो आणि ताशी 100 किलोमीटर वेगात तेवढ्यात गाडी जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते. सेकंदाला 10 नोंदी देणारा ब्लूटूथ जीपीएस त्यासाठी बरा.

आणि वजन काढायचं असेल तर ते फक्त रेससाठी ठेवलेल्या गाडीतून, नियमात बसेल तेवढंच. मागची सीट, कार्पेट, स्पीकर खुशाल काढा. स्टिअरिंग, ब्रेक, चाकाचे बोल्ट, सीटबेल्ट आणि रोल केज यांच्यात एक ग्रॅमही वाचवू नका. हायवेवर तर रेस नकोच. तिथे समोरून येणाऱ्या माणसाने तुमची नियमावली वाचलेली नसते.